बिल्ला आपला, वही त्यांची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. सत्तरी ओलांडलेली, पण प्रकृतीने खुटखुटीत. गेली दोनेक वर्षे त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. घरात मात्र त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. एकदा सांगितले की मुलगा आणि सून डॉक्टर, तपासण्या, खर्च हे सगळे सुरू करणार, आणि 'आई आता थकली' असे घरात एकदा ठरले की ते ठरलेच, ही त्यांची धास्ती. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मुलाच्या संगणकावर श्रवणयंत्रांची माहिती पाहिली. दोन-तीन दुकानांची संकेतस्थळे चाळली, किमती पाहिल्या आणि संगणक बंद केला. रात्री मुलगा क्रिकेटच्या बातम्या वाचायला बसला, तर बातमीच्या शेजारी श्रवणयंत्राची जाहिरात. दुसरे पान उघडले, तिथेही तीच. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "आई, तुला ऐकायला कमी येतंय का गं?"

मावशी मला म्हणाल्या, "अहो, मी कुठे नाव लिहिलं नाही, फोन नंबर दिला नाही. मग त्या संगणकाला कळलं कसं?"

मावशींचा प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र तीस वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात दडलेले आहे. त्या इतिहासाचे नाव आहे 'कुकी'. इंग्रजीत कुकी म्हणजे बिस्किट. आपल्या नानकटाईशी तिचा काही संबंध नाही. ही कुकी म्हणजे आपल्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेली मजकुराची एक लहानशी चिठ्ठी. ती कोणी लिहिली, का लिहिली आणि पुढे ती कोणाच्या हाती गेली, ते आज पाहू.

विसराळू महाजाल

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत, हा मूळ हेतू. त्यामुळे तिची घडणही साधी होती. आपला संगणक म्हणतो, 'अमुक पान दे.' समोरचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो ते पान देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्याच क्षणी आपण दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या लेखी आपण नवखेच.

हा विसराळूपणा मुद्दाम ठेवलेला होता. लक्षात ठेवायचे काही नसल्यामुळे सर्व्हरवर ओझे पडत नसे. कोणत्या पत्त्यावरून मागणी आली एवढी नोंद त्याच्या दप्तरात राही, पण टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरण्याच्या त्या काळात हा पत्ताही बहुधा दर खेपेला बदलत असे. वाचकाला त्यातून आपोआप एक आडोसा मिळत होता. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात शिरून कोणते पुस्तक उघडून पाहिले याची वही कोणी ठेवत नाही, तसेच काहीसे.

पण ग्रंथालयाचे दुकान करायचे म्हटले की हा विसराळूपणा आड येतो. समजा, किराणा दुकानात आपण साखर मागितली. मग तूरडाळ मागितली. दर वेळी दुकानदाराने 'आपण कोण? पूर्वी काही घेतलंत का?' असे विचारले, तर बिल होणार कसे? १९९४ च्या सुमारास महाजालावर दुकाने थाटू पाहणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. ग्राहकाने पिशवीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाताच हरवत होती.

चपलांच्या स्टँडचा बिल्ला

त्या वर्षी कॅलिफोर्नियात नेटस्केप नावाची एक कंपनी नुकतीच निघाली होती. महाजालावरची पाने पाहण्यासाठी लागणारा ब्राउझर ती तयार करत होती. तिथे लू माँटुली नावाचा चोविशीच्या आतबाहेरचा अभियंता काम करत असे. एमसीआय ही टेलिफोन कंपनी नेटस्केपची ग्राहक होती. तिला महाजालावर विक्रीची सोय हवी होती, पण प्रत्येक ग्राहकाचा अर्धवट व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसण्याची तिची तयारी नव्हती. मग तो सांभाळायचा कुठे?

एक सोपा मार्ग होता. प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक क्रमांक देऊन टाकायचा आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला दाखवायचा. माँटुलीला हा मार्ग पसंत पडला नाही. सगळीकडे एकच क्रमांक दिसला तर त्या माणसाचा माग कोणालाही काढता येईल, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आले होते. म्हणून जून १९९४ मध्ये त्याने वेगळी युक्ती काढली. प्रत्येक संकेतस्थळाने आपली स्वतःची चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुढच्या वेळी फक्त त्याच संकेतस्थळाला दाखवावी. जॉन जियानँड्रिया या सहकाऱ्याबरोबर त्याने या चिठ्ठीचे नियम लिहिले. युनिक्स प्रणालीवर काम करणारे लोक अशा खुणेच्या चिठ्ठीला आधीपासूनच 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून हिचे नाव कुकी पडले.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो. आपण चपला देतो, तो आपल्याला एक बिल्ला देतो. समजा बिल्ल्यावर ४१७ हा आकडा आहे. आपल्याला त्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही, पण स्टँडवाल्याला तो पाहताच आपल्या चपला कुठल्या कप्प्यात आहेत ते कळते. त्याला आपले नाव, गाव काही विचारावे लागत नाही. आठवण ठेवण्याचे काम त्याने आपल्याच हातात दिलेले असते.

कुकीचे काम असेच चालते. पान पाठवताना सर्व्हर त्याबरोबर एक ओळ पाठवतो. तीत बिल्ल्याचे नाव, त्यावरचा आकडा आणि तो किती दिवस चालेल याची मुदत असते. मुदत कधी तासाभराची असते, कधी काही वर्षांची. ब्राउझर ही ओळ साठवतो आणि त्या संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना आपण न सांगता दाखवतो. कुकी हा काही कार्यक्रम नव्हे, विषाणूही नव्हे. आपल्या संगणकातले फोटो किंवा पत्रे ती वाचू शकत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर एकदा परवलीचा शब्द दिल्यावर दर पानाला तो पुन्हा द्यावा लागत नाही, रेल्वेचे तिकीट काढताना निवडलेली गाडी पुढच्या पानावरही तशीच राहते, हे बहुतेक वेळा या बिल्ल्याच्या जिवावर. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर चाचणीसाठी लोकांना खुला झाला तेव्हा ही सोय त्यात होती. आपल्या संकेतस्थळावर आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे का, हे पाहण्यासाठी नेटस्केपनेच ती प्रथम वापरली.

म्हणजे ज्या माणसाने कुकी शोधली त्याने लोकांचा माग लागू नये म्हणूनच ती अशी रचली होती. मग मावशींच्या बाबतीत घडले ते कसे?

सगळीकडे एकच ठेकेदार

यासाठी पान कसे तयार होते ते पाहायला हवे. आपल्याला वाटते, वर्तमानपत्राचे पान उघडले म्हणजे सगळे त्या वर्तमानपत्राकडून आले. प्रत्यक्षात बातमी एका सर्व्हरवरून येते, चित्र दुसऱ्यावरून येऊ शकते आणि जाहिरात तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून. ती जाहिरात आणण्यासाठी आपला ब्राउझर त्या कंपनीशी बोलतो. त्या बोलण्यात कंपनीही आपला बिल्ला देऊ शकते. नियम मोडलेला नसतो, कारण तिने दिलेला बिल्ला तिलाच परत दाखवला जातो. फक्त आपण तिच्या दारात कधी गेलेलोच नसतो. अशा बिल्ल्याला इंग्रजीत 'थर्ड पार्टी' कुकी म्हणतात. आपण तिला तिऱ्हाईत कुकी म्हणू.

आता पुन्हा चपलांच्या स्टँडकडे येऊ. समजा, गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले. दवाखान्याबाहेरचा त्याचाच, वकिलाच्या कचेरीबाहेरचाही त्याचाच. तो म्हणतो, "दर वेळी नवा बिल्ला कशाला? हाच ठेवा." आपल्यालाही ते सोयीचे वाटते. आता त्याच्या वहीत काय उमटते? ४१७ मंगळवारी गणपतीला आला. शनिवारी मारुतीला. दर पंधरवड्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. मागच्या महिन्यात तीनदा वकिलाकडे गेला. ठेकेदाराला ४१७ चे नाव ठाऊक नाही, पण त्याच्या घरच्यांना नसेल इतकी माहिती त्याच्याकडे जमा झाली आहे.

मावशींचे असेच झाले. श्रवणयंत्राच्या दुकानाने आपल्या पानावर एका जाहिरात कंपनीला जागा दिली होती. क्रिकेटच्या बातम्यांच्या पानावरही तीच कंपनी. दुपारी दुकानात दिसलेला आकडा रात्री बातम्यांत दिसला आणि कंपनीने त्याच्यापुढे श्रवणयंत्र ठेवले. आकडा ब्राउझरचा होता. त्या ब्राउझरपुढे दुपारी आई बसली होती आणि रात्री मुलगा, हे कंपनीला कळण्याचे कारणच नव्हते. एकच संगणक किंवा एकच मोबाइल घरात चार जण वापरतात, अशी आपल्याकडे कितीतरी घरे आहेत. तिथे ही गोष्ट केवळ जाहिरातीपुरती राहत नाही. एखाद्या मुलीने चोरून पाहिलेली नोकरीची जाहिरात, सुनेने वाचलेली एखाद्या तपासणीची माहिती, कर्जाखाली दबलेल्या बापाने शोधलेला सावकार, यांतले काहीही घरातल्या दुसऱ्याच माणसासमोर येऊ शकते.

काहीच न करण्याचा अर्थ

नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये कुकी आली तेव्हा सामान्य वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. कुकी घेणे आपोआप चालू होते आणि तसे कोणाला सांगितले जात नव्हते. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्स या दैनिकात यावर लेख आला तेव्हा गाजावाजा झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे १९९६ आणि १९९७ साली झालेल्या सुनावण्यांत हा विषय निघाला.

दरम्यान, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या अभियंत्यांच्या संघटनेने कुकीचे प्रमाणित नियम लिहायला घेतले होते. बेल लॅब्जचा डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांनी लिहिलेला तो दस्तऐवज फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट म्हटले होते की ब्राउझरने तिऱ्हाईत कुकी घेऊ नयेत, आणि घेण्याची सोय ठेवलीच तर ती मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने ती स्वतः चालू करावी.

या इतिहासातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. यंत्र हातात आल्यावर आपण काहीच केले नाही तर ते कसे वागेल, याला 'डिफॉल्ट' म्हणतात. दिसायला ही क्षुल्लक बाब. पण कोट्यवधी लोकांपैकी बहुतेक जण ब्राउझरच्या आतली बटणे कधी उघडूनही पाहत नाहीत. त्यामुळे बटण मुळात ज्या बाजूला असेल, जग त्या बाजूला जाते.

त्या वेळी ब्राउझरच्या बाजारात नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट हे दोघेच बलाढ्य होते. दोघांनीही हा सल्ला मानला नाही. बटण चालूच राहिले. माँटुलीने पुष्कळ वर्षांनी यामागचा आपला विचार स्वतः लिहिला. ही वाट बंद केली तर जाहिरातदार दुसरी, न दिसणारी वाट काढतील, कुकी निदान दिसते आणि पुसता येते, असे त्याचे म्हणणे. शिवाय संकेतस्थळांचे पोट जाहिरातींवर होते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण त्याची किंमत कोण मोजणार, हे ज्यांना मोजायची होती त्यांना कोणी विचारले नाही.

आकड्याला नाव मिळते तेव्हा

न्यूयॉर्कमध्ये १९९६ च्या सुमारास उभी राहिलेली डबलक्लिक ही कंपनी म्हणजे आपल्या गोष्टीतला ठेकेदार. हजारो संकेतस्थळांवर ती जाहिराती पुरवत असे आणि सगळीकडे तिचा एकच बिल्ला चाले. 'आम्हाला नाव ठाऊक नसते, फक्त आकडा ठाऊक असतो', हे कंपनीचे समर्थन होते. त्याच कंपनीने १९९९ साली अबॅकस डायरेक्ट ही दुसरी कंपनी सुमारे १७० कोटी डॉलरला विकत घेतली. अबॅकसचा इंटरनेटशी संबंध नव्हता. टपालाने माल मागवणाऱ्या ग्राहकांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. जवळपास नऊ कोटी अमेरिकन कुटुंबांची खरेदी, नाव-पत्त्यासकट.

म्हणजे ठेकेदाराने गावातल्या वाण्याची उधारीची वही विकत घेतली. आता ४१७ कोण, हे जुळवून पाहणे तेवढे बाकी होते, आणि तसे जुळवण्याचा कंपनीचा बेत होता. फेब्रुवारी २००० मध्ये 'एपिक' या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. मार्च २००० मध्ये कंपनीचे प्रमुख केव्हिन ओकॉनर यांनी ही योजना चूक होती असे जाहीरपणे कबूल करून ती थांबवली. कमिशनने जानेवारी २००१ मध्ये चौकशी बंद केली. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ग्राहकांचा दावाही फेटाळला. लोकांच्या नाराजीने योजना थांबली, पण कायद्याने तिला हात लावला नाही.

त्याच वर्षी, जून २००० मध्ये, आणखी एक प्रकार उघड झाला. व्हाइट हाउसच्या अमली पदार्थविरोधी कार्यालयाच्या संकेतस्थळांवर येणाऱ्यांनाही डबलक्लिकच्या कुकी लागत होत्या. व्यसनांची माहिती शोधणारा माणूस, तोही सरकारच्या दारात, आणि वहीत नोंद खासगी कंपनीच्या. त्यानंतर अमेरिकी सरकारने आपल्या संकेतस्थळांवरील कुकींवर कडक बंधने घातली.

पुढे २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला आणि मार्च २००८ मध्ये तो पूर्ण झाला. या कुकीची माहिती लोकांच्या नावाच्या खात्यांशी त्यांच्या संमतीशिवाय जोडणार नाही, असे गूगलच्या धोरणात लिहिलेले होते. २०१६ साली ते वाक्य बदलले. जुन्या खातेदारांना संमती विचारण्यात आली. नवे खाते उघडणाऱ्यांसाठी मात्र जोडणी मुळातच चालू ठेवली गेली. सोळा वर्षांपूर्वी जे करताना एका कंपनीला माफी मागावी लागली, ते आता एका बटणाच्या मूळ जागेने साधले.

युरोपची दवंडी

युरोपने वेगळी वाट धरली. २००२ च्या युरोपीय निर्देशात कुकीची माहिती देणे आणि ती नाकारण्याचा हक्क देणे एवढेच होते. २००९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि आधी संमती, मग कुकी, असा नियम झाला. काम चालण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या कुकींना त्यातून सूट होती. मे २०१८ पासून 'जीडीपीआर' हा माहितीरक्षणाचा मोठा कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे काय याची व्याख्या आणखी कडक झाली.

पान उघडताच खालून वर येणारी ती पट्टी, 'आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे का?', ती इथून जन्मली. हेतू चांगला, पण अंमलात गोम राहिली. 'मान्य' हे बटण मोठे, रंगीत. 'अमान्य' शोधायला तीन पाने उलटायची. कंटाळून माणूस 'मान्य' दाबतो. काही ठिकाणी तर संमतीच्या चौकोनात आधीच खूण केलेली असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जर्मन सोडत कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की अशी आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहितीरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. कारण एवढेच की 'हो' म्हणायला एक टिचकी पुरे होती आणि 'नाही' म्हणायला अनेक.

म्हणजे भांडण पुन्हा तिथेच आले. माणसाने काही केले नाही, किंवा कमीत कमी केले, तर त्याचा अर्थ कोणाच्या बाजूने लावायचा?

बटण फिरले, पण सगळीकडे नाही

काही ब्राउझरांनी १९९७ चा तो सल्ला उशिरा का होईना मानला. ॲपलच्या सफारीने पहिल्यापासूनच तिऱ्हाईत कुकींना बरीच आडकाठी ठेवली होती. ती चुकवून कुकी ठेवल्याबद्दल आणि लोकांना चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१२ मध्ये गूगलला अमेरिकेत २ कोटी २५ लाख डॉलर भरावे लागले. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये माग काढणाऱ्या माहितीतल्या कंपन्यांच्या कुकी मुळातच अडवायला सुरुवात केली. मार्च २०२० पासून सफारीने तिऱ्हाईत कुकी पूर्ण बंद केल्या.

राहिला जगात सर्वाधिक वापरला जाणारा गूगलचा क्रोम. जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितले की दोन वर्षांत आम्हीही त्या बंद करू. मग ती तारीख २०२३ झाली, नंतर २०२४, नंतर २०२५. अडचण खरी होती. जाहिरातीचा सर्वांत मोठा व्यापारी आणि ब्राउझरचा मालक एकच. त्याने इतरांची वही बंद केली तर त्याची स्वतःची वही आणखी मौल्यवान होते, अशी हरकत प्रतिस्पर्ध्यांनी घेतली आणि ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने त्यात लक्ष घातले. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का लोकांसाठी तिऱ्हाईत कुकी बंद करून पाहिल्या गेल्या. जुलैमध्ये बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की आहे तेच चालू राहील. ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे. म्हणजे १९९७ चा सल्ला नेमका उलटा.

मधल्या काळात माँटुलीची भीतीही खरी ठरली होती. मोबाइलमधल्या ॲपना कुकीची फारशी गरज लागत नाही, कारण फोनलाच जाहिरातीसाठी एक क्रमांक दिलेला असतो. माँटुलीने १९९४ साली नाकारलेली कल्पना ती हीच. शिवाय पडद्याचा आकार, अक्षरांचे प्रकार, घड्याळाची वेळ अशा बारीकसारीक खुणा जुळवून यंत्र ओळखण्याची रीतही निघाली आहे. ती पुसता येत नाही, कारण आपल्याकडे तिचा बिल्लाच नसतो.

आपल्या दारात

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत. म्हणजे कुकी आपल्याआधीच येऊन बसली होती. तिच्यावर आपल्याकडे वेगळी चर्चा अशी झालीच नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत असे ठरले.

या कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, संमती मोकळेपणाने, समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे गप्प राहणे ही संमती नव्हे. दुसरी, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. त्यात मराठी आहे. ती पट्टी उद्या मराठीत मागण्याचा अधिकार आपल्याला मिळणार आहे. तो मागितला तर.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तिऱ्हाईत कुकी बंद करता येतात. त्याने बहुतेक संकेतस्थळांचे काही अडत नाही. घरात एकच संगणक असेल तर प्रत्येकाचे वेगळे खाते करावे. खासगी खिडकी उघडली तर ती बंद करताच तिच्यातले बिल्ले पुसले जातात. मात्र त्यामुळे आपण अदृश्य होत नाही, हेही ध्यानात असावे. आणि पट्टी आली की 'अमान्य' शोधायला चार क्षण द्यावेत. सगळ्याच कुकी पुसल्या तर सगळीकडे परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागेल, एवढी तयारी ठेवावी.

मावशींना आता श्रवणयंत्र मिळाले आहे. मुलाने कौतुकाने आणून दिले. शेवट गोड झाला म्हणून मी त्यांना विचारले, "मग जाहिरातीने भलंच केलं की नाही?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यंत्र चांगलंच आहे. पण मी त्याला सांगणारच होते हो. दिवाळीला धाकटी येणार होती, तेव्हा दोघांना एकदम सांगायचं असं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं."